‘विषय अजून ठरला नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: आयसर पुणे की पुणे विद्यापीठाची बी.एस्सी.?

विद्यापीठ चौकातून पाषाणच्या रस्त्याला लागलं की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) शेजारी आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था येते. मागे राहतं ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. सायन्स करायचं एवढं नक्की, पण फिजिक्स, मॅथ्स, केमिस्ट्री की बायो हे ठरत नाही, अशा मुलांच्या यादीत ही दोन्ही नावं हमखास असतात. दोन्हीकडे एकच दिलासा मिळतो: काळजी करू नका, विषय नंतर निवडता येतो. तो खोटा नाही. फक्त ‘नंतर’ म्हणजे कधी आणि निवडायचं ते कशाकशातून, याची उत्तरं दोन टोकांची आहेत आणि बहुतेक घरांत ती फी भरून झाल्यावर कळतात.

आधी एक घोळ निस्तरू. ‘पुणे विद्यापीठात बी.एस्सी.’ म्हणजे थोडे अपवाद सोडले तर गणेशखिंडीतला तो ४११ एकरांचा हिरवा परिसर नव्हे. तिथले विभाग मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणाचे. पदवीचा विद्यार्थी जातो तो संलग्न कॉलेजात, आणि पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांत अशी कॉलेजं शेकड्यांनी आहेत. फर्ग्युसनसारखं स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या ठेवतं, पदवी मात्र विद्यापीठाची देतं. त्यामुळे १९४९ साली स्थापन झालेलं विद्यापीठ चांगलं की वाईट, या प्रश्नाला इथे फारसा अर्थ नाही. कॉलेज कोणतं आणि तिथला विभाग कसा, हे बघायचं. आयसर उलट एकच संस्था आहे. २००६ साली सुरू झालेली, केंद्र सरकारची, निवासी. आणि पाच वर्षांच्या बीएस-एमएसला (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) प्रवेश देताना विषय विचारतच नाही.

कॉलेजात दार कधी बंद होतं

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तीन विषय असतात. प्रत्येक सत्र २२ क्रेडिट्सचं. त्यातले १२ या तीन विषयांचे, म्हणजे प्रत्येकी ४: २ थिअरीचे, २ प्रॅक्टिकलचे. उरलेल्या १० क्रेडिट्समध्ये ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा कोर्स, भाषा, मूल्यशिक्षण आणि पहिल्या सत्रात भारतीय ज्ञान परंपरा बसते. दुसऱ्या वर्षी तिनांतला एक विषय मेजर (मुख्य), उरलेल्या दोनांतला एक मायनर (दुय्यम), तिसरा सुटतो. कागदावर हे ‘ठरलं नाही’वाल्यांसाठीच बेतल्यासारखं वाटतं.

पण खरी निवड दुसऱ्या वर्षी होतच नाही, ती प्रवेशाच्या फॉर्मवर होते. तिथे ‘विषय गट’ असा रकाना असतो आणि त्यात कॉलेजने आधीच बांधलेले गट असतात: फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, फिजिक्स-मॅथ्स-स्टॅटिस्टिक्स, केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी वगैरे. कुठे इलेक्ट्रॉनिक्स, कुठे जिऑलॉजी, कुठे मायक्रोबायोलॉजी. हे गट वेळापत्रकाने बांधलेले असतात. ज्या दुपारी मॅथ्सच्या बॅचेस त्याच दुपारी झूलॉजीचं प्रॅक्टिकल. त्यामुळे मॅथ्स आणि बायो दोन्ही हातात ठेवायचं म्हटलं, तर बहुतेक कॉलेजांत तसा गटच सापडणार नाही. ज्याची घालमेल फिजिक्स की मॅथ्स अशी आहे त्याला कॉलेजची रचना पुरते. ज्याची फिजिक्स की बायो अशी आहे, त्याचा निर्णय जून महिन्यात एका रकान्याने घेऊन टाकलेला असतो.

दुसरी अडचण तासांची आहे. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा १ म्हणजे ३०. म्हणजे एका विषयाला आठवड्याला थिअरीचे जेमतेम २ तास आणि प्रॅक्टिकलचे ४. दोन तासांत विषय कळायला सुरुवात होते न होते तोच सत्र संपतं. गणपती, दिवाळी, कॉलेजचे कार्यक्रम आणि परीक्षा वजा केल्या तर हाती काय राहतं ते सांगायला नको. एवढ्याशा ओळखीवर मेजर ठरवायचा असतो. म्हणून होतं असं की मुलं ज्या विषयाचे सर चांगले शिकवतात किंवा ज्यात मार्क सढळ पडतात तो विषय उचलतात. त्यात मुलांचा दोष नाही, त्यांच्यासमोर दुसरा पुरावाच नसतो. यावर एक साधा उपाय: पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या लायब्ररीतून त्या विषयाचं दुसऱ्या वर्षाचं पुस्तक काढा आणि दोन प्रकरणं सोडवून बघा. ओढ टिकली तर टिकली.

प्रॅक्टिकलबद्दल लोक नाक मुरडतात, तरी कॉलेजच्या बी.एस्सी.ची ती खरी जमेची बाजू आहे. वर्षभर हात चालतो. व्हर्नियर, स्पेक्ट्रोमीटर, टायट्रेशन, स्लाइड बनवणं हे सगळं स्वतः करावं लागतं, निदान बऱ्या कॉलेजात तरी. जर्नल मात्र त्या त्या आठवड्यात पूर्ण करून सही घेत चला. सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत आणि शेवटच्या आठवड्यात सह्यांसाठी विभागाच्या दारात रांग लागते. वाचनं दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवली की आलेख जास्तच सरळ येतो, आणि परीक्षक तो लगेच ओळखतात.

प्रवेश घेताना कॉलेजला दोन प्रश्न विचारा आणि उत्तर विभागातून घ्या, ऑफिसच्या खिडकीवरून नको. एक: या गटातले तिन्ही विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून प्रत्यक्ष चालतात का? पुरेशी मुलं नसली तर मेजरची बॅच उघडतच नाही आणि मग ‘तिनांतून निवडा’चं ‘दोनांतून निवडा’ होतं. दोन: एका मेजरला मागणी जास्त झाली तर जागा कशा वाटतात? पहिल्या वर्षाच्या मार्कांवर वाटत असतील, तर आवडीचा शोध घेण्याचं ते निवांत वर्ष निवांत राहत नाही.

आणखी एक सापळा. बी.एस्सी. आणि बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. प्रवेश वेगळा, आणि बऱ्याच ठिकाणी दुसरा विनाअनुदानित असल्यामुळे फी कितीतरी पट. ‘आधी साध्या बी.एस्सी.ला घेऊ, मग कॉम्प्युटरला वळू’ हा बेत दुसऱ्या वर्षी फसतो. बायोटेक्नॉलॉजीचंही तेच. कॉम्प्युटरची शक्यता डोक्यात असेल तर ती पहिल्याच दिवशी फॉर्मवर दिसली पाहिजे.

आयसरमध्ये नेमकं काय मोकळं आहे

आयसरच्या पहिल्या वर्षात सगळ्यांना सगळं: बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स. पुढे हळूहळू निवड सुरू होते. अर्थ अँड क्लायमेट सायन्स (पृथ्वी आणि हवामान) आणि डेटा सायन्स हेही विभाग तिथे आहेत, म्हणजे बारावीत ज्याचं नावही ऐकलं नव्हतं असा विषय सापडण्याची सोय आहे. शेवटचं वर्ष संशोधन प्रकल्पाचं, आणि तो प्रकल्प आयसरबाहेर, परदेशातही करता येतो. गणितातून सुरुवात करून बायोलॉजीच्या प्रयोगशाळेत प्रबंध करणं इथे विचित्र मानलं जात नाही. हीच गोष्ट कॉलेजच्या चौकटीत बसत नाही, म्हणून फिजिक्स की बायो अशी घालमेल असलेल्यांसाठी आमचा कौल सरळ आयसरला.

पण हे मोकळेपण फुकट मिळत नाही. पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायो, गणित नाही) घेतलेल्या मुलीने दहावीनंतर गणिताचं तोंड पाहिलेलं नसतं, आणि इथे पहिल्या सत्रात समोर येतं ते आकडेमोडीचं गणित नसून सिद्धतांचं. ‘सिद्ध करा’ म्हटल्यावर कुठून सुरू करायचं हेच कळत नाही. पीसीएमवाल्याचं (बायोऐवजी मॅथ्स घेतलेल्याचं) उलटं होतं. बायोलॉजी म्हणजे पाठांतर अशी त्याची समजूत असते आणि प्रश्न येतो प्रयोगाची आकृती देऊन ‘यावरून काय निष्कर्ष निघतो आणि काय निघत नाही’ असा. बोर्डाला नव्वदच्या पुढे असलेली मुलं पहिल्या क्विझला गडबडतात ती इथे. प्रवेश नक्की झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत जे काही आठवडे मिळतात, त्यांत पीसीबीवाल्यांनी अकरावी-बारावीच्या गणितातली फलनं, सीमा, अवकलन आणि मॅट्रिक्स एवढं तरी उरकावं. पूर्ण पुस्तक काढायच्या नादात काहीच होत नाही.

दुसरं: कोर्स मोकळे असले तरी त्यांच्या साखळ्या असतात. वरच्या वर्गातल्या क्वांटम मेकॅनिक्सला बसायचं तर आधीचं गणित आणि मेकॅनिक्स झालेलं हवं. दोन वर्षं इथलं थोडं, तिथलं थोडं असं चाखत बसलं तर तिसऱ्या वर्षी कुठल्याच साखळीची शेवटची कडी हाती लागत नाही. संशोधनाची फेलोशिप आणि प्राध्यापकीची पात्रता ठरवणाऱ्या सीएसआयआर-नेट परीक्षेचे पेपर पाच ठरलेल्या शाखांचे आहेत, पीएचडीच्या मुलाखतीतही एका विषयात किती खोल गेलात हेच बघतात. त्यामुळे पहिल्या वर्षानंतर चारही विषय ओढत नेण्यापेक्षा दोन साखळ्या धरा, बाकीचं फावल्या वेळात. दोन साखळ्या तिसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत निभतात, पुढे एक सोडावी लागते.

आणि मुळात ‘ठरलं नाही’ यात काय ठरलेलं नाही तेही तपासा. आयसरला येणाऱ्याने विषय ठरवलेला नसला तरी सायन्स आणि संशोधन हे ठरवलेलंच असतं. ज्याच्या डोक्यात एकीकडे फिजिक्स आणि दुसरीकडे अर्थशास्त्र, कायदा किंवा स्पर्धा परीक्षा आहे, त्याने पाच वर्षांची निवासी संशोधनाची वाट धरणं म्हणजे चुकीच्या गाडीत खिडकीची जागा पकडणं. त्याला कॉलेज बरं. १३२ क्रेडिट्स झाले की तीन वर्षांत पदवी हातात, आणि ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यायचं असल्यामुळे कॉमर्स-आर्ट्सची थोडी चवही मिळते. तीही २ क्रेडिट्सची, फार आशा ठेवू नका.

वर्षांचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखाच निघतो. आयसरमध्ये पाच वर्षांत बीएस-एमएस. कॉलेजमधून तीन अधिक दोन, किंवा १७६ क्रेडिट्सचं चार वर्षांचं ऑनर्स आणि मग एक वर्षाचं एम.एस्सी. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवं असेल तर यूजीसीच्या चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. ही अट तिसऱ्या वर्षी ऐकून उपयोग नाही, सरासरी पहिल्या सत्रापासून धरली जाते.

प्रवेश परीक्षा: चौथ्या विषयाचं गणित

कॉलेजच्या साध्या बी.एस्सी.ला सहसा बारावीचे मार्क पुरतात, सीईटी लागत नाही. आयसरला त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा, आयएटी: १८० मिनिटं, ६० प्रश्न, चार विषयांचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला उणे १, एकूण २४०. पात्रतेला बारावीत ६० टक्के (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५५) आणि चारांपैकी किमान तीन विषय. म्हणजे गणित किंवा बायो न घेतलेल्यालाही परीक्षा देता येते, पण त्या विषयाचे १५ प्रश्न माफ नसतात. ते कोरे सोडले तर ६० मार्क, म्हणजे पेपरचा चौथा हिस्सा, बसल्या जागी गेला.

इथे थोडा हिशेब करा. चार पर्यायांत डोळे मिटून उत्तर दिलं तरी सरासरी पाव मार्काचा फायदाच होतो: चारांत एकदा ४ मिळतात, तीनदा १ जातो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी फायदा दोन-तृतीयांश मार्काचा. म्हणून न शिकलेल्या विषयातही जिथे एखादा पर्याय उडवता येतो तिथे उत्तर द्यायचं. पीसीएमवाल्यांनी एनसीईआरटीच्या बायोलॉजीतली पेशी, आनुवंशिकता आणि परिसंस्था एवढी प्रकरणं नीट वाचली तरी काही प्रश्न हाताला लागतात. पुस्तक एनसीईआरटीचंच घ्या. राज्य मंडळाच्या आणि त्याच्या मांडणीत फरक आहे.

पसंतीक्रम भरताना पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेऱ्हामपूर अशा सातही आयसर समोर येतात. शिवाय काही ठिकाणी चार वर्षांचे बीएस अभ्यासक्रम आहेत, उदाहरणार्थ भोपाळला इंजिनिअरिंग सायन्सेस आणि इकॉनॉमिक सायन्सेस. ते बीएस-एमएसपेक्षा वेगळे, दिशा आधीच ठरलेले. विषय न ठरलेल्याने पसंतीक्रमात ते चुकून वर टाकू नयेत. ‘पुणे नाही तर काहीच नाही’ हा हट्टही धरू नका. मोहालीचं बीएस-एमएस तुमच्या घालमेलीला पुण्याइतकंच उत्तर देतं, फरक पडतो तो घरच्या डब्याचा.

यंदा जमलं नाही तर बारावी चालू किंवा आदल्या वर्षी पास झालेल्यांना आयएटी देता येते, म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष करत पुन्हा बसता येतं. निवड झाली तरी आयसरला सुरुवात पहिल्या वर्षापासूनच. आणि बी.एस्सी. झाल्यावर जॅम (एम.एस्सी.च्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) देऊन काही विषयांत आयसरच्या इंटिग्रेटेड पीएचडीला (एमएस आणि पीएचडी एकत्र) जाता येतं. हे दुसरं दार लोक विसरतात. जॅमला मात्र एकाच विषयाची खोली लागते, आणि तिथे कॉलेजमधलं नीट केलेलं मेजर कामी येतं.

पैसे, दाखले

अनुदानित बी.एस्सी.ची वर्षाची फी हजारांत, आयसरचा फी-हॉस्टेल-मेस मिळून खर्च लाखाच्या पुढे. पण बाहेरगावच्या मुलाचा पुण्यातला खर्च कॉलेजच्या फीवर मोजू नका. कॉलेजचं हॉस्टेल मिळेलच असं नाही, मग पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणं, डिपॉझिट, खानावळ. हा आकडा धरल्यावर दोन्हींतली दरी बरीच कमी होते. पुण्यातच घर असेल तर मात्र कॉलेज निर्विवाद स्वस्त.

केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची: ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. बोर्डाच्या पहिल्या १ टक्क्यात आलेल्याला ती कॉलेजातही मिळते, हे अनेकांना माहीत नसतं. अट अशी की विषय मूलभूत विज्ञानातला हवा. स्टॅटिस्टिक्स, जिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, इलेक्ट्रॉनिक्स चालतात, कॉम्प्युटर सायन्स चालत नाही. मेजर ठरवताना हेही डोळ्यांसमोर असू द्या.

आरक्षणाच्या दाखल्यांत सगळ्यात जास्त मुलं अडकतात. आयसरला केंद्राचा नमुना लागतो. राज्याच्या नॉन-क्रिमीलेअरवर तिथे भागत नाही, केंद्राच्या यादीत जात ओबीसी म्हणून आहे की नाही ते आधी बघावं लागतं आणि दाखला त्या आर्थिक वर्षातला हवा, म्हणजे १ एप्रिलनंतरचा. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग केंद्रात नाही. तिथे खुला किंवा निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल). तहसील कार्यालयातली मे महिन्यातली गर्दी लक्षात घेता अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच टाकावा. कॉलेजसाठीच्या राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, आणि तिथे आधारशी जोडलेलं बँक खाते मुलाच्या नावाचं असलं की अर्ध्या कटकटी वाचतात.

शेवटी तारखांचा गुंता. कॉलेजांचे प्रवेश निकालानंतर लगेच होतात, आयसरच्या फेऱ्या त्यानंतर चालत राहतात. त्यामुळे कॉलेजात जागा धरून ठेवावीच लागते, त्यात लाज वाटून घेऊ नका. अडचण येते ती शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्याची. कॉलेज तो जमा करून घेतं आणि आयसरला हजर होताना तोच लागतो. जमा करण्याआधी दाखल्याच्या आणि गुणपत्रिकेच्या चार-चार साक्षांकित प्रती काढून ठेवा. फेरीत नाव आलं की त्याच दिवशी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का आहे ना ते पाहा, कारण फी किती परत मिळणार हे त्या तारखेवर ठरतं. आणि फी भरल्याची पावती बरोबर न्या. खिडकीवर पहिल्यांदा तीच मागतात.